सातबारा कुणाचा, विहीर कुणाची: शेतीची सबसिडी नेमकी जाते कुठं?

पीएम किसानचा हप्ता पडायच्या आठवड्यात आमच्या सेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात मी हे केंद्र चालवतो, म्हणजे लोकांचे अर्ज भरतो, अंगठे घेतो आणि ओटीपी येईपर्यंत त्यांच्याशी गप्पा मारतो. प्रश्न ठरलेला असतो. "भावाचं दोन हजार पडलं, माझं न्हाई पडलं. असं कसं?" केंद्राच्या समोर चहाचा गाडा आहे. तिथं त्याच वेळी दुसरं वाक्य ऐकू येतं. "शेतकऱ्याला सगळं फुकटच हाय की आता. वीज फुकट, खत स्वस्त, वर वर्षाला बारा हजार."

दोघंही खरं बोलतात आणि दोघांनाही अर्धंच माहीत असतं. सरकार शेतीवर मोठा पैसा खर्च करतं, हे खरं. पण तो कुणाच्या पदरात किती पडतो, हे तुमच्या गरजेवर ठरत नाही. तुमच्या नावावर सातबारा आहे का आणि तुमच्या रानात पाणी आहे का, या दोन गोष्टींवर ते बरंचसं ठरतं. कसं, ते सांगतो.

सबसिडी म्हणजे काय

एखाद्या वस्तूची खरी किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यातला फरक सरकारनं भरला, की ती सबसिडी. आपण त्यालाच अनुदान म्हणतो. लग्नाच्या बस्त्यात मामानं निम्मं बिल दिलं तर साडी स्वस्त झालेली नसते, पैसे दुसऱ्यानं दिलेले असतात. तसंच हे.

मामा हे पैसे वेगवेगळ्या तऱ्हेनं देऊ शकतो. थेट हातात ठेवेल. दुकानदाराला परस्पर देईल. "तू आधी घे, पावती दाखव, मग देतो" म्हणेल. किंवा तुम्ही काढलेल्या कर्जाचं व्याज भरेल. शेतीत या चारही तऱ्हा आहेत. त्यातली पहिली सगळ्यांना दिसते. दुसरी जवळपास कुणाला दिसत नाही, आणि मोठा पैसा तिथंच आहे.

रोख हप्ता: गाजतो जास्त

पीएम किसान योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती, त्याच वर्षी सगळ्या खातेदारांना खुली झाली. २०२३ पासून राज्य सरकारनं नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० द्यायला सुरुवात केली. गाड्यावरचे ते बारा हजार हे.

यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. आयकर भरणारा, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे बाहेर. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी. त्यानंतर वारसानं आली तर चालते, खरेदीनं आली तर नाही. हप्ता मिळावा म्हणून रातोरात सातबारे फुटू नयेत, यासाठी ही तारीख. तरीही पहिल्या दोन वर्षांत बऱ्याच आयकर भरणाऱ्यांनी आणि नोकरदारांनी अर्ज भरले आणि पुढं वसुलीच्या नोटिसा आल्या. आमच्याकडं एक मास्तर बारा हजार परत कसे भरायचे ते विचारायला आले होते. बिचारे दाराआड उभे राहून हळू आवाजात बोलत होते.

या योजनेची एक गोष्ट मला पटते. वीस गुंठ्यांवाल्यालाही सहा हजार आणि वीस एकरवाल्यालाही सहाच हजार. रानाच्या मापानं पैसा वाढत नाही. बाकीच्या सबसिड्यांचं तसं नाही.

युरियाच्या पोत्यात काय दडलंय

४५ किलोच्या युरियाच्या पोत्यावर किंमत छापलेली असते २६६ रुपये ५० पैसे. पूर्वी पोतं ५० किलोचं होतं, २०१८ मध्ये ४५ चं झालं. सरकारच सांगतं की सबसिडी नसती तर याच पोत्याला दोन हजारांच्या पुढं मोजावे लागले असते. म्हणजे पोत्यामागं सरकार कमीत कमी सतराशे रुपये भरतं. हे पैसे तुमच्या खात्यावर येत नाहीत, खत कंपनीला जातात. दुकानातल्या मशीनवर तुमचा अंगठा उमटला, पोतं विकल्याची नोंद झाली, की कंपनीची सबसिडी मोकळी होते.

आता दोन शेतकरी घेऊ. दोघंही सांगली जिल्ह्यातले.

पहिला वाळवा तालुक्यातला, दहा एकर सुरू ऊस, म्हणजे हिवाळ्यात लावलेला. शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची. नत्र म्हणजे पिकाला हिरवंगार करणारं अन्न. युरियात ते ४६ टक्के असतं. सगळं नत्र युरियातून दिलं असं धरलं, तर एकराला पाच पोती बसतात. दहा एकरांना पन्नास. सतराशेच्या हिशोबानं सरकारनं त्याच्यामागं भरले ८५,००० रुपये.

दुसरा जत तालुक्यातला, दोन एकर जिरायत बाजरी. हेक्टरी ५० किलो नत्र, म्हणजे एकराला जेमतेम एक पोतं. त्याच्यामागं सरकारनं भरले ३,४००.

दोघांच्या खात्यावर पीएम किसानचे सहा हजार सारखेच पडले. गाड्यावर चर्चा त्या सहा हजारांची. ८५ हजार आणि ३,४०० यातला फरक कुणाच्या जिभेवर नाही, कारण तो कुणाच्या मोबाईलवर मेसेज होऊन आला नाही.

देशाच्या पातळीवरही चित्र असंच आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात खतांसाठी सुमारे १ लाख ६७ हजार कोटी ठेवले आणि पीएम किसानसाठी ६३,५०० कोटी. २०२२-२३ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळं खतांच्या किमती भडकल्या तेव्हा खताची सबसिडी अडीच लाख कोटींवर गेली होती.

याचा एक वाईट परिणाम रानात दिसतो. २०१० पासून स्फुरद आणि पालाशच्या खतांना अन्नद्रव्याच्या वजनावर ठरावीक सबसिडी मिळते, किमती बाजारावर हलतात. युरिया मात्र त्यातून बाहेर ठेवला. त्यामुळं डीएपीचं, म्हणजे नत्र-स्फुरदाच्या खताचं, पोतं १,३५० ला आणि युरिया २६६ ला. माणूस स्वस्ताकडं जाणारच. मूठभर जास्त युरिया टाकला की ऊस काळाशार दिसतो, शेजाऱ्याच्या डोळ्यात भरतो, आणि जमिनीचा समतोल बिघडतो. भरीला दुकानातलं लिंकिंग असतंच, म्हणजे खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारणं. गेल्या हंगामात तीन पोती युरियासाठी मला एक बाटली अशी घ्यावी लागली की तिचा उपयोग काय ते दुकानदारालाही सांगता येईना. स्वस्त पोतं तितकंसं स्वस्त राहिलं नाही.

पंप असेल तर

२०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ, मार्च २०२९ पर्यंत. लाभार्थी सुमारे ४४ लाख, खर्च वर्षाला १४,७६० कोटी. राज्यात शेतीची खाती किती? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सुमारे १ कोटी ५३ लाख. सरळ वजाबाकी करून नेमका आकडा निघणार नाही, कारण एका घरात दोन खाती असतात आणि एका पंपावर तिघांचं रान भिजतं. पण ज्याची विहीर नाही, बोअरला पाणी नाही, त्याला या १४,७६० कोटींतला एक रुपयाही मिळत नाही, हे तर उघड आहे.

आमचा दुष्काळी पट्टा उपसा योजनांवर जगतो. ताकारी, टेंभू, म्हैसाळ. कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं. याचं वीजबिल प्रचंड. त्यातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के पाणीपट्टीतून शेतकऱ्यांनी द्यायचे, असं ठरलं आहे. ही सबसिडी मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. हे पाणी आलं आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं द्राक्षं लागली. पण तिलाही कालव्याची हद्द आहे. ओढ्याच्या अलीकडं पाणी, पलीकडं टँकर. अलीकडच्याला पाण्यावर सबसिडी, पाण्यामुळं ऊस, उसामुळं खतावर सबसिडी, आणि उसाला एकरी मिळणारं पीककर्ज बाजरीपेक्षा कितीतरी जास्त म्हणून व्याजातही सवलत मोठी. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. पलीकडच्याला गावची सहकारी सोसायटी बाजरीवर कर्ज देणार किती आणि त्याचं व्याज वाचणार किती?

कर्जमाफीचंही तसंच. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं. नियमित फेडणाऱ्यांना पुढं ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं. सावकाराकडून उचललेल्याचं काय? ते त्या कागदात कुठंच नव्हतं.

फुकट विजेबद्दल एक बाजू सांगायलाच हवी. ती येते तेव्हा पुष्कळदा रात्री येते. थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन दार मोडायला, म्हणजे रानात पाणी वळवायला, जायचं, पायाखाली साप, आणि शिराळा, कऱ्हाड, पाटणकडं तर बिबट्या. पुन्हा लाईट जाईल या भीतीनं माणूस पाटात पाणी सोडून झोपतो, सकाळी रान तुडुंब. कृष्णाकाठची क्षारपड जमीन अशाच जादा पाण्यानं वाढत गेली. बिल नसेल तर पाणी थांबवायचं कारणही उरत नाही.

"ऊसवाल्यांना तर सरकार दर देतं"

नाही. इथं फार गल्लत होते. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर. तो केंद्र सरकार ठरवतं, पण पैसे कारखाना देतो, तेही साखर विकून. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) टनाला ३,५५० रुपये ठरले. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरतील ते शेतकऱ्याचे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो कसा पाळला जातो ते सातारा-सांगलीच्या माणसाला मी सांगायची गरज नाही. पण ही सबसिडी नव्हे. उसाची सबसिडी त्याच्या पाण्यात, विजेत आणि खतात आहे.

ठिबक: आधी खर्च, मग अनुदान

ठिबकच्या खर्चावर अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला, केंद्र सरकारच्या योजनेतून ५५ टक्के, राज्याची भर धरून ८० टक्के. मोठ्या शेतकऱ्याला ७५. मर्यादा पाच हेक्टर. कागदावर हे लहान शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. पण क्रम बघा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशानं खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (रानात येऊन पाहणी), आणि शेवटी खात्यावर अनुदान. तोवर सगळी रक्कम तुमचीच अडकलेली. माझ्या स्वतःच्या दीड एकराचं अनुदान यायला सव्वा वर्ष लागलं. माझं केंद्राच्या धंद्यावर भागत होतं म्हणून मी तग धरला. ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत तो अर्जच करत नाही, आणि यादीत नाव नसलं की "गरज नसेल त्याला" असं समजलं जातं.

ज्याच्या नावावर रानच नाही

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडं एक वाटेकरी आला. दुसऱ्याचं तीन एकर रान अकरा वर्षं निम्म्या वाट्यानं करतो. मालक मुंबईला. म्हणाला, "आवंदा इमा भरायचा हाय." पीकविमा वाटेकऱ्यालाही भरता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मी विचारलं, करार आहे का? तो हसला. म्हणाला, "करार म्हणलं की मालक रानच काढून घील."

या भीतीला इतिहास आहे. १९४८ च्या कूळ कायद्यानं आणि पुढं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक व्हायचा हक्क दिला. चांगलंच केलं. पण तेव्हापासून ज्याच्याकडं जमीन उरली त्यानं कानाला खडा लावला: कागदावर कुणाचं नाव येऊ द्यायचं नाही. त्यामुळं आज राज्यभर वाट्यानं आणि खंडानं चालणारी शेती तोंडी आहे. पीएम किसानचा हप्ता मालकाला. कर्ज मालकाला, माफीही मालकाला. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, पीक चढतं ते मालकाच्या सातबाऱ्यावर. १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला, तोही निघतो सातबाऱ्यावरूनच.

बायकांचंही तेच. खुरपणी, भांगलण, काढणी बाईची, उताऱ्यावर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्याला विनाशुल्क लागतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून असे अर्ज गेले तीन. त्यातला एक नवरा पुन्हा येऊन विचारून गेला, "काढता येतं का हो नाव परत?"

आणि शेतमजूर? २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. मजूर जास्त आहेत. शेतीच्या सबसिडीत त्यांचं नाव कुठंच नाही.

"पण कर तर आम्ही भरतो"

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि त्याच्या आडून भलतेच लोक भलतंच उत्पन्न लपवतात, हे मान्य. पण शेतकरी कर भरत नाही, हे खोटं. आमच्या भागातला द्राक्षवाला हंगामभर फवारतो. रासायनिक औषधांवर जीएसटी १८ टक्के. औषधाचं करापूर्वीचं बिल दोन लाख झालं तर कर ३६ हजार. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला कर पुढं वळता करून घेता येतो, शेतकऱ्याला येत नाही. ३६ हजार म्हणजे पीएम किसानचे सहा वर्षांचे हप्ते.

दुसरी गोष्ट, सरकार घेतंही, पण ते घेणं पावतीवर दिसत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. ते पाच महिने लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्याला विचारा. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून जो भाव पडला, तो कुणाच्या खिशातून गेला? याला शेतकरी संघटनेचे शरद जोशी उणे सबसिडी म्हणायचे. दिलं एक, काढून घेतलं दोन. हे नुसतं भाषणातलं वाक्य नव्हतं. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संशोधन संस्था, या दोघांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला. त्यात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार, सबसिड्या धरूनही, त्याच्या एकूण उत्पन्नाच्या उणे १४ टक्के निघाला.

मात्र हा सरासरीचा आकडा आहे. घेणारा हात सगळ्यांच्या खिशात जातो, देणारा ठरावीक खिशातच. जतच्या बाजरीवाल्यानं किंवा माण तालुक्यातल्या कांदेवाल्यानं गमावलेलं त्याला युरियाच्या दोन पोत्यांतून परत मिळत नाही.

"मग सगळं बंद करून सरळ खात्यावर पैसे टाका"

शिकलेली माणसं हे हमखास सुचवतात, आणि एकरी रोख दिलं तर निदान जिरायतवाल्याला बागायतवाल्याइतकं मिळेल, हे खरं आहे. युरियाची उधळपट्टीही कमी होईल. माझं मत थोडं त्या बाजूला झुकतंही.

पण वाटेकरी आठवा. खताच्या दुकानात अंगठा मागतात, सातबारा मागत नाहीत. त्यामुळं एवढ्या सगळ्या योजनांत वाटेकऱ्याच्या हाताला थेट लागणारी जवळपास एकच सबसिडी आहे, ती म्हणजे २६६ रुपयांचं पोतं. उद्या पोतं दोन हजारांचं झालं आणि फरक मुंबईच्या मालकाच्या खात्यावर गेला, तर पोतं विकत घेणारा इथं आणि पैसे तिथं. खतविक्री फार्मर आयडीला जोडायची चर्चा निघते तेव्हाही हाच प्रश्न येतो. आधी तोंडी वाट्याला कायद्याचा असा कागद हवा की मालकाला जमीन जायची भीती नको आणि कसणाऱ्याचं नाव कुठं तरी दिसावं. त्याआधी रोख टाकायला घेतलं तर सबसिडीचा हा शेवटचा धागाही सातबाऱ्याला बांधला जाईल.

"माझं न्हाई पडलं"

राहिला पहिला प्रश्न. भावाचं पडलं आणि तुमचं नाही, तर बहुतेक वेळा कारण चारांपैकी एक असतं: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली आहे, बँक खातं आधारला जोडलेलं नाही, जमिनीची नोंद योजनेशी जुळलेली नाही, किंवा फार्मर आयडी काढलेला नाही. हे एका फेरीत निघतं. आधार कार्ड, मोबाईल आणि ताजा उतारा घेऊन या. बोटाच्या रेषा झिजलेल्या असतील तर अंगठा उमटत नाही, तेव्हा चेहऱ्यानं केवायसी होते.

पाचवं कारण मात्र एका फेरीत निघत नाही. गेल्या महिन्यात एक आजी आल्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, रान त्याच कसतात, वारस नोंद कुणी घातलीच नाही. उताऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव, आणि मेलेल्या माणसाची केवायसी होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सगळं गोळा करून तलाठ्याकडं अर्ज दिला. दोन दिर आहेत, त्यातल्या एकानं अजून सही केलेली नाही. आजी दर सोमवारी येऊन बाकड्यावर बसतात.